नोव्हेंबरपर्यंत

घर विकलं मे महिन्यात, एका मंगळवारी.
पैसे आले दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.
मी कॅरव्हॅनमध्ये बटाटे सोलत होतो.
फोन थरथरला. बघितलं.
एवढे आकडे एका ओळीत मी आजवर
फक्त बोटीच्या इंजिनावर कोरलेले पाहिले होते.
बटाटे सोलत राहिलो.
अशा वेळी दुसरं काय करतात, ठाऊक नव्हतं.

नवा फ्लॅट नोव्हेंबरात.
तिथली म्हातारी आधी मुलीकडे ब्रिस्टलला जाणार,
मुलगी आधी तिची खोली रंगवून घेणार,
आणि रंगारी अजून तिसऱ्याच घरी शिडीवर.
तोवर हे पैसे कुठे बसवायचे?

ट्रुरोच्या बँकेतली पोरगी, केरेन्सा,
नखांवर बारीक लिंबं रंगवलेली,
म्हणाली, सगळे एका ठिकाणी नका ठेवू, मिस्टर नॅन्किव्हेल.
बँक बुडाली तर माणशी ठरावीक रकमेचीच हमी.
घराचे पैसे म्हणून काही महिने जास्तीची सूट मिळते,
पण मग कागद दाखवत बसावं लागतं.
मी विचारलं, बँक बुडते का?
म्हणाली, सहसा नाही.

'सहसा नाही' हे मी चाळीस वर्षं ऐकलंय.
बोटींबद्दल.

मग चार बँका.
एकीचं व्याज बरं, पण फोन उचलत नाहीत.
एक नुसती मोबाईलमध्येच राहते, तिला दारच नाही.
एक जुनी सोसायटी, अजून पासबुकावर शिक्का मारते,
आणि एक निळ्या पाटीची.
आठवड्याने कळलं, पहिली आणि निळी सख्ख्या बहिणी.
नावं दोन, परवाना एक,
म्हणजे हमीही दोघींत मिळून एकच.
पुन्हा उपसा, पुन्हा दुसरीकडे भरा.
मासळीला बर्फ लावावा तसा थरावर थर लावत बसलो.

मोबाईलवाली म्हणाली, खात्याला हवं ते नाव द्या.
दिलं: जिना.
मग बाकीच्यांनाही दिली, मागच्या वर्षीच्या भरतीच्या तक्त्यामागे, पेन्सिलने.
स्वयंपाकघर. समुद्राकडची खोली.
लव्हडेची बाग.

रात्री तीनला जाग येते, उठून बघतो.
जिना आहे. स्वयंपाकघर आहे.
मी झोपलेला असताना ते कमावतात म्हणे,
थेंब थेंब.
जन्मात पहिल्यांदा
माझ्याऐवजी दुसरं कुणी रात्रपाळीला.
तरी संध्याकाळी पाव मी पिवळ्या स्टिकरचाच घेतो,
किंमत उतरल्यावर.

एक गोष्ट सांगायची राहिली.
फॉर्म भरताना केरेन्सा सहज बोलून गेली,
दोघांच्या नावावर असतं ना, तर हमी दुप्पट झाली असती.
आणि मग एकदम लिंबांकडे बघत बसली.
मी म्हटलं, हो. बरोबर आहे.
हिशेब म्हणून ते बरोबरच होतं.
एकटा माणूस निम्म्याचाच राहतो,
हे सरकारला माझ्याआधी कळलेलं.

परवा निरोप आला, नोव्हेंबर नाही, जानेवारी.
रंगारी शिडीवरून पडला, पाय मोडला.
वकिलाने माफी मागितली. मी म्हटलं, असू दे.
खरं सांगू? मला राग आला नाही.
पैसे थांबलेत तोवर
आमचं घर अजून दुसरं काहीच झालेलं नाही.

फक्त बागेचं व्याज जमलं,
रक्कम हमीच्या रेषेवर गेली. अकरा पौंड.
केरेन्साचा फोन, काढून घ्या, नाहीतर ते उघड्यावर.
मी चपला घातल्या. बसच्या थांब्यापर्यंत गेलो.
परत आलो.

राहू दे अकरा पौंड उघड्यावर.
बागेच्या फाटकाला तिने
कधी कडी लावली नाही.