आठांपैकी किती

तुमच्या आकड्यांत चूक आहे, एवढंच सांगायला
मी तालिनहून बेटावर गेलो.
फेरीबोटीत डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास,
मांडीवर तिच्या नोंदवह्या, सुतळीने बांधलेल्या.
खिशात फोन दोनदा थरथरला. घरून होता.
मी समुद्राकडे बघत राहिलो.

केंद्र बंद होऊन बारा वर्षं झाली.
चार पायांवरची पांढरी जाळीची पेटी अजून उभी,
आत आता गांधीलमाशांचं घर.
तापमानाला नळी होती, पावसाला मापट्याचा डबा,
वाऱ्यासाठी खांबावर लोखंडी पातं.
ढगांना मात्र फक्त लेइदा.

पद्धत अशी:
कुंपणाजवळच्या चुनखडीच्या दगडावर उभं राहायचं,
मान वर करून सावकाश गोल फिरायचं,
आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे
आणि त्यातले झाकलेले किती, ते लिहायचं.
शून्य म्हणजे निरभ्र. आठ म्हणजे फटसुद्धा नाही.
'मनातल्या मनात' हे शब्द नियमावलीत नाहीत,
पण दुसरीकडे कुठे करणार?

सकाळी सातला, दुपारी एकला, रात्री नऊला.
एकतीस वर्षं.

चूक तशी लहान.
त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरापासून मार्च संपेपर्यंत
पलीकडच्या दीपगृहावर पाच, तर लेइदाकडे सहा.
तिकडे दोन, इकडे तीन.
तिकडे आठ असले की इकडेही आठच,
कारण त्यापुढे लिहायला आकडाच नाही.
दाब बरोबर. वारा बरोबर. बर्फाची जाडी बरोबर.
एप्रिलात ढगही बरोबर.

ती टेबलाशी बसून धुरी दिलेल्या माशाचे काटे काढत होती.
मी विचारलं, चष्मा बदलला होता का तेव्हा?
कुणी दुसरं नोंदी घेत होतं?
शेजारी भट्टी, चिमणी, धूर?
तिने वहीकडे पाहिलं नाही.
"नोव्हेंबरात वाम्बोला बोट घेऊन गेला होता," म्हणाली.
मी उरलेल्या वाक्याची वाट पाहिली.
तिने एक काटा बशीच्या कडेला ठेवला,
मग दुसरा.

"भरून आलं होतं,"
बऱ्याच वेळाने म्हणाली.
वाक्याला कर्ता नव्हता.

मग एकदम ताठ झाली,
हात फडक्याला पुसले, वही ओढून घेतली,
आणि डिसेंबरच्या एका पानावर बोट आपटत म्हणाली,
"हे बघा. दिसलं तेच लिहिलंय.
मनचा एक आकडा नाही यात."

माझ्याकडे अर्ज होता, तीन चौकटींचा:
यंत्रदोष, निरीक्षकदोष, कारण अज्ञात.
खाली दुरुस्ती: वजा एक.
सहीचा अधिकार मला होता,
पाच महिन्यांचं आभाळ थोडं उघडण्याचा.
पेन हातात होतं.
तिने माझ्या पानात मासा वाढला, काटे काढलेला,
आणि राईचा पाव कापायला उठली.

जेवण झाल्यावर मी बाहेर गेलो.
दगडाभोवती जुनिपर माजलंय,
अंगरखा दोन ठिकाणी अडकला.
वर चढलो. मान वर केली. सावकाश गोल फिरलो.
उत्तरेला करड्या रंगाची लांब पट्टी,
पाणकावळे खडकांवर पंख वाळवत,
डोक्यावर फाटक्या गोधडीसारखं काहीतरी.
आठ भाग करताना खिशात पुन्हा थरथरलं.

"पाच," मी ओरडलो.

दारातून तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.
एकोणऐंशीची आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू.
"चार," ती म्हणाली.
आणि मी काही बोलायच्या आत,
"घाई नको. मान आणखी वर करा."

केली.