लॉगशीट

एप्रिल. सिडकोतल्या घरावरची पत्र्याची खोली
रात्री दहालाही तापलेली.
प्रोसेसर चौऱ्याण्णव अंशांवर,
आणि पंखा असा कण्हतोय
की आई खालून ओरडते, त्याला झोपू दे गं जरा.

मी रेंडर लावलंय,
गंगापूर रोडच्या कुणाच्या तरी बंगल्याचं.
जागेवर अजून एक वीट नाही,
पण दिवाणखान्याच्या संगमरवरावर
सकाळी नऊचं ऊन कसं पडेल
ते मालकाला उद्याच बघायचंय.

कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्तच वाढते.
दुबळ्यातली दुबळीही उभी राहावी म्हणून
सगळ्यांच्या पानात सारखंच.
माझी कदाचित कमी जेवणारी असेल.
बायोस उघडून मी लिहिते:
वजा पन्नास मिलिव्होल्ट.

अण्णा दारात.
एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं.
टर्बाइननं डावा कान नेला, उजवा अर्धा ठेवला.
"किती?"
पन्नास मिलिव्होल्ट, अण्णा.
"म्हणजे व्होल्टाचा विसावा भाग."
त्यांनी दोनशे दहा मेगावॅटच्या युनिटपाशी जन्म काढला,
त्यांना ही चिल्लर कुठल्या खिशात ठेवावी कळेना.
बेअरिंगला लावायचे तसा
उलटा हात त्यांनी कॅबिनेटला लावला.
"पंचेचाळीस."
पडद्यावर त्र्याऐंशी.
"बाहेरून नाही कळत," ते म्हणाले, आणि हात तिथंच ठेवला.

दुसऱ्या रात्री वजा ऐंशी. आठ तासांची चाचणी.
माझ्या शाळेची एक कोरी वही काढून
त्यांनी फूटपट्टीनं रकाने आखले:
वेळ, तापमान, व्होल्ट, शेरा.
"तू झोप. तिसरी पाळी माझी."

सकाळी वहीत, ठाशीव अक्षरात:
१२.०० – ७४ – ठीक.
१.०० – ७५ – ठीक.
२.०० – ७५ – ठीक. चहा घेतला.
३.०० – ७४ – पंखा ऐकू येत नाही, फिरताना दिसतो.
४.०० – ७३ – ठीक.
असं आठपर्यंत. खाली सही, तारीख,
आणि सवयीनं
पुढच्या पाळीच्या सहीसाठी सोडलेली रेघ.

मी त्या रेघेवर सही केली.
चाचणी थांबवली. तापमान उतरलं, पंखा निवला.
पडद्यावर फक्त घड्याळ आणि एक डोंगर.
कुणीच काही मागत नव्हतं त्याच्याकडे.
अकराव्या मिनिटाला
पडदा निळा झाला, मग काळा.

आठ तास राबला तेव्हा नाही.
बसल्या बसल्या गेला.

मला नवल वाटलं, अण्णांना नाही.
"पुऱ्या लोडवर बॉयलर सहसा दगा देत नाही.
मागणी उतरली, कोळसा कमी केला,
की ज्योत डगमगते.
तेव्हा तेल द्यावं लागतं, थोडंच.
नाहीतर युनिट ट्रिप."
मग ते दोरीवरचा टॉवेल सरळ करू लागले.
तो सरळच होता.

निवृत्त होऊन त्यांना चौदा महिने झालेत.

मी पंधरा मिलिव्होल्ट परत दिले.
वजा पासष्ट. वेग तोच.
काम देऊन चाचणी घेतली, रेंडर पाठवलं,
मालकाला ऊन आवडलं, संगमरवर नाही.
त्याचं पुढच्या आठवड्यात.

आता उरली होती दुसरी चाचणी,
जिच्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर नाही:
मशीन चालू ठेवायचं आणि काही सांगायचं नाही.
"ह्याला माणूस कशाला बसायला हवं, अण्णा?"
ते वही घेऊन आधीच बसले होते,
चष्मा कपाळावर, पाय स्टुलावर.

पहाटे वर आले तेव्हा खुर्चीत झोप लागली होती त्यांना.
पडद्यावर तोच डोंगर.
वहीतली शेवटची नोंद:
४.०० – ४१ – काम नाही. तरी चालू.