चार मात्रा

एरंडवण्यातल्या तळघरात
ज्ञानू पाचंगे अजून माझ्यावर ओरडतायत:
"भिंतींना गाद्या कशाला लावल्यास रे,
आवाज काय झोपायला आलाय?"

हे वाक्य फाइल नंबर अकरामध्ये आहे.
कंपनीचा निरोप: बोलणं काढा, खोकला काढा,
नवरात्राच्या आत बाजारात यायला हवं.
मी खोकल्याचे सत्तेचाळीस तुकडे कापले
आणि फेकले नाहीत.
एका फोल्डरमध्ये ठेवलेत. नाव दिलंय: इतर.

सहा दुपारी आले ते, दत्तवाडीहून रिक्षानं.
ससूनची फाइल आणि कवड्यांची माळ
एकाच पिशवीत.
संबळावर नातू, तुणतुणं स्वतःच्या हातात.
पहिल्या दिवशी म्हणाले, दिवटी पेटव.
मी म्हटलं, बाबा, फोम आहे, सगळंच पेटेल.
मग नातवानं मोबाइलचा टॉर्च लावला,
पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला,
आणि म्हाताऱ्यानं त्याला हळद-कुंकू वाहिलं.
चार्जिंगच्या भोकात हळद गेली ती गेलीच.

सहाव्या दुपारी आवतण.
गोंधळात आधी सगळ्यांना बोलवायचं असतं:
डोंगरावरची आई, घाटाखालचा देव,
वेशीवरचा म्हसोबा, उंबऱ्यातले पितर.
ते सगळे झाले.
हे थांबेनात.
"नळ स्टॉपच्या इस्त्रीवाल्या, गोंधळा ये.
तेवीस नंबर वॉर्डातल्या सिस्टर, रात्रपाळी बदलून ये.
मुठेत टेम्पो धुणाऱ्या पोरा, हात पुसून ये.
माझ्या थोरले, सहा वर्षांचीच ये, फ्रॉकावर ये."

नातवाचा हात तिथे चुकला.
ती चूक मी ठेवलीय.

मग एक ओळ नुसती तुणतुण्याची.
चार मात्रा. नाव नाही.
आणि लगेच म्हणाले, "बस."

मला वाटलं, पुरे म्हणतायत.
मी रेकॉर्डिंग थांबवलं.
अकराव्या दिवशी पहाटे नातवाचा फोन.

कव्हर तयार आहे: भगवा फेटा, मागे डोंगर.
फेटा त्यांनी कधी बांधला नव्हता,
टोपी घालायचे, कॉलरसारखी मळलेली.
कंपनी म्हणते, ती रिकामी जागा चुकून राहिलीय,
मागचं-पुढचं जोडून घ्या,
कुणाला कळायचं नाही.

रात्री, वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबल्यावर,
मी त्या चार मात्रा मोठ्या करतो.
आणखी मोठ्या.
कवडीवर कवडी घासल्याचा आवाज.
कर्वे रोडचा एक हॉर्न, गादीतूनही आत आलेला.
आणि तिसऱ्या मात्रेला
माझी खुर्ची कुरकुरते.
मी पुढे सरकलो असणार,
कुणी नाव घ्यावं तसा.

"बस" म्हणाले ते कुणाला,
हे आता विचारायचं कुणाला.

उद्या सकाळी फाइल द्यायचीय.
खुर्चीला मी अजून तेल घातलेलं नाही.