सोळा तासांचा उजेड

डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून
ग्लोदच्या ठाणावर दिवा लावते मी.
सकाळी सात ते रात्री अकरा, मोजून.
बाहेर स्कागाफ्योर्दुरचा अंधार
दुपारी साडेतीनलाच खाडीवरून चालत येतो.
एखादा तास कमी पडला
तर घोडीच्या डोक्यात कुणीतरी म्हणतं :
अजून हिवाळाच आहे. थांबा.

शेजारचा गेस्तुर विचारतो, बिल कोण भरतं गं याचं?
वसंत, मी म्हणते.
तो मान हलवत बादल्या उचलतो.

उजेड डोळ्यांतून आत जातो,
मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या गाठीला कळतं
की रात्र आखडली.
मग तळाशी ठोके पडू लागतात,
आधी लांबलांब, मग लगबगीने,
आणि ठोक्यांमागून निरोप
रक्तातून खाली, अंडाशयाच्या दारापर्यंत.

फेब्रुवारीत कोपरापर्यंत हात घालून बघते.
पडद्यावर काळे गोल, पाण्याने भरलेले.
प्रत्येकीच्या भिंतीत दोन थर :
बाहेरचा कच्ची लोकर पुरवतो,
आतला तिचं सूत काततो.
बाविसाव्या मिलिमीटरपर्यंत सगळ्या बरोबर असतात.
मग एक पुढे सरकते
आणि वर कळवते :
बास झालं, शिधा कमी करा.

शिधा कमी होतो.
बाकीच्या सुकतात.
ती थोडक्यात भागवायला शिकलेली असते,
शिवाय दुसऱ्याच ताटात हात घालायलाही.
हे मी वीस वर्षं बघतेय.
क्रूर वाटायचं पहिल्या वर्षी.
नंतर नुसते आकडे लिहायचे.

मार्चमध्ये रेक्याविकला गेले, चार तास गाडी हाकत.
हाल्फ्रीदुर नावाची परिचारिका, गार जेली,
यंत्र माझ्या जीपमधल्याच कंपनीचं,
फक्त दांडा बारीक.
उजवीकडे तीन, डावीकडे दोन.
तिच्याआधी मी मोजले
आणि तिला मोजू दिले.

एक्केचाळीस, ती म्हणाली, वयाच्या मानाने ठीक.
सुया देऊ. शिधा आटू देणार नाही.
पाचही जणी जेवतील.

आईच्या पोटात होते तेव्हा साठ लाख होत्या म्हणे.
जन्मले तेव्हा दहा-वीस लाख.
शाळेच्या बसमध्ये चढले,
घोड्यावरून पडले, दात पाडून घेतला,
तोवर त्या आपापल्या जागी
विझत राहिल्या. कुणी मारलं नाही त्यांना.
एकेका थराची पातळ शाल पांघरून
चाळीस चाळीस वर्षं निजतात,
आणि मग एक दिवस
एखादीच का उठते
ते मला अजून सांगता येत नाही.
पुस्तकातलं वाक्यही तिथे चाचरतं.

उठल्यावरही कित्येक महिने
तिला मेंदूचा निरोप ऐकू येत नाही.
बहिरीच वाढते.
म्हणजे ही उजवीकडची, नऊ मिलिमीटरची,
जागी झाली असेल गेल्या उन्हाळ्यात कधीतरी,
गवताचे भारे बांधत होतो तेव्हा,
औदुन अजून घरात होता तेव्हा.
आता कागदावर एका डॅनिश माणसाचा नंबर आहे.
तिला त्यातलं काही ठाऊक नाही.
ती फक्त वाढत होती.

परतीच्या वाटेवर बर्फ, मग पाऊस, मग पुन्हा बर्फ.
मांडीवर सुयांची पेटी,
हीटर बंद ठेवला, औषध गार हवं म्हणून.

पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते.
ठाणावर दिवा जळत होता.
गेस्तुरने वेळेवर लावला होता
आणि आज बिलाचं काही विचारलं नाही.
ग्लोदला तपासलं : अडतीस, जरा मऊ,
कडा एका बाजूला टोकदार.
उद्या, नाहीतर परवा.

हात धुतले.
खोगिराच्या पेटीवर बसून
पोटाची चिमूट धरली आणि पहिली सुई घेतली.
घोडीने एक कान वळवला, इतकंच.
अकराला अजून वीस मिनिटं होती.
बसून राहिले,
दोघींच्याही वाट्याचा उजेड पुरा होईपर्यंत.