सहसा

डॉक्टर मोगल म्हणाल्या, "सहसा हा तिकडे जात नाही."
सहसा तो हाडं धरतो.
कंबर, बरगड्या, मणका.
माझा डाव्या डोळ्यामागच्या खोबणीत जाऊन बसला,
जेलरोडला स्वस्तात खोली मिळाल्यासारखा.

आठ वर्षांपूर्वी गाठ काढली, बरणीतून तपासायला नेली.
आक्रोडाएवढी होती, असं शालन सांगते.
मी पाहिली नाही.
घर पाडलं की भाडेकरू गेला,
इतकं सोपं वाटलं होतं तेव्हा.
मग पीएसएचे कागद यायला लागले:
शून्य पॉइंट शून्य चार,
शून्य पॉइंट तीन,
आणि यंदा आखाजीच्या आठवड्यात सहा.
पुढचं शून्य कुठं गेलं, मी दोनदा पाहिलं.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या करकरीत नोटा तपासल्या.
पुसट शाई, सरकलेला आकडा, तिरपी कड.
दुहेरी छपाई तर नजरेआधी बोटाला कळायची.
एक तांबडी खूण, की अख्खा ताव बाद.

आता मला दोन शालन दिसतात.
एक जागेवर,
दुसरी जरा वर, उजवीकडे घसरलेली.
दोघी एकाच तोंडानं विचारतात, चहा टाकू?
दोन कप येतात. मी हात घालतो
तो नेमका नसलेल्या कपाला.

स्कॅनच्या आधी सुई टोचून
तासभर एकट्याला बसवलं.
नंतर पडद्यावर मी, आतून दिवे लावलेला.
मूत्रपिंडं उजळलेली, लाळेच्या गाठी उजळलेल्या,
अश्रूंच्या गाठीसुद्धा.
"त्या सगळ्यांच्याच उजळतात," मोगलबाई म्हणाल्या,
"घाबरू नका."
आणि त्यांच्या मागं तो एक ठिपका,
जो सगळ्यांचा नव्हता.

त्यांना माझ्यावर लेख लिहायचाय.
नाव येणार नाही. 'एकोणसत्तर वर्षांचा पुरुष', एवढंच.
सही करताना मला प्रेसमधली गोष्ट आठवली:
चुकलेली नोट बाहेर गेली
तर शौकीन लोक शंभरपट मोजतात.
आम्ही एकही जाऊ दिली नव्हती.
बाई मन लावून फॉर्म भरत होत्या.
त्यांच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली,
राग मात्र आला नाही.

दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन.
त्यानं अंगातून वाफा निघतात, रात्री दोनला,
मानेपासून कानापर्यंत.
पहिल्यांदा झालं तेव्हा शालन उठली,
पंखा पाचवर केला, उशी उलटी करून दिली,
आणि अंधारात हसली.
"मला व्हायचं तेव्हा म्हणायचात ना,
एवढं काय उकडतंय हिला?"
मी म्हणालो, चुकलो.
लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

गायधनी आला, मिसळ घेऊन.
मला तिखट बंद आहे, म्हणून एकट्यानंच खाल्ली.
म्हणाला, अरे, गंगेचं बघ,
ब्रह्मगिरीवर दिसते, लगेच गुप्त.
गंगाद्वारी वर येते, पुन्हा गायब.
कुठनं निघेल नेम नाही.
शेवटी गौतमानं चहूकडून दर्भ टाकला तेव्हा कुठं थांबली.
मग त्याच्या लक्षात आलं
की थांबली कुठं, पार राजमहेंद्रीपर्यंत गेली,
आणि तो पाव मोडत गप्प बसला.

सध्या रोज सकाळी साडेनऊला
चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून
मला टेबलाला खिळवतात.
हलायचं नाही. गिळायचंसुद्धा नाही.
हा माझा दर्भ.
दहातले सहा दिवस झाले.
गालावर जाळीची नक्षी उमटते,
रिक्षा बिटको चौकात येईपर्यंत टिकते.

दिवसा डाव्या डोळ्यावर पट्टी.
जग एकेक, चपटं, बिनचूक.
संध्याकाळी गच्चीवर ती काढून ठेवतो.
मुक्तिधामचे कळस दुप्पट होतात,
देवळालीकडं उतरणारं विमान दोन होतं,
जिन्यातून वाळलेले कपडे न्यायला
दोघी वर येतात,
एक जरा घसरलेली.

सवयीनं बोट खिशाकडं जातं,
तांबड्या पेन्सिलीसाठी.
खिशात गोळ्यांची पट्टी आहे.
राहू दे.
दोघी राहू देत.