भिंतीआधीची माती

लेव्हॉन प्रुइट अजूनही चालतो
उजवा खांदा थोडा पुढे घालून,
जणू दारातून कुणी अंगावर येणार आहे.

कॉलेजात चार हिवाळे फुटबॉल.
माणसांवर धडकायचं तेवढं शिकला.
मग बेसबॉलवाल्यांनी त्याचे पाय पाहिले
आणि मैदानाच्या पार टोकाला उभं केलं,
जिथं तासन् तास कुणी शिवतही नाही.

"एवढं गवत, आणि मी एकटाच,"
टल्साहून तो आईला फोनवर म्हणाला.
ती म्हणाली, "जेवलास का?"

भिंतीआधी मातीचा पट्टा असतो.
बुटाखाली करकरला की समजायचं, थांब.
लेव्हॉनला ऐकू यायचं.
खांद्याला नाही.

आठ वर्षं बसमध्ये झोपला.
वरच्या संघात एकोणीस सामने,
त्यातला एक झेल, मिल्वॉकीतला:
भिंत हलली, चेंडू हातमोज्यातच.
पंचाने आधी चेंडू पाहिला,
मग त्याला.

आता शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो.
जुन्या हेल्मेटात बहीण कपड्यांचे चिमटे ठेवते.
पोरं विचारतात, भिंत लागायची का हो?
"भिंतीचं काय एवढं," तो म्हणतो,
"ती जागेवर तरी असते."

आणि गुडघा धरून वाकतो,
वाकडी गेलेली रेघ
बुटाने पुसायला.