निळा दिवा

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, मे महिन्यात,
दुपारी अडीचला प्रशिक्षण ठेवायची कल्पना माझीच.
लसींच्या खोलीची खिडकी जुन्या चादरीनं झाकली,
पंखा फक्त आवाजापुरता.

एकोणीस जण आले. सही केली, समोसा घेतला.
भिंतीवर तक्ता: सुमन-के.
सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई.
सुपडाबाईनं मागून विचारलं,
"हाई सुमन कोन शे वं, सिस्टर?"
हसले सगळे. मीही.
सतरा वर्षं हा तक्ता लावतेय,
मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तळव्यांवर थोडं थोडं लोशन दिलं,
म्हटलं, चोळा, मग धुऊन या, रोज धुता तसेच.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाइतकं गरम;
डॉक्टर भामरे चार सेकंदांत परतले
बोटं झटकत, फोन खांद्याला.

मग दिवा लावला, निळा.
हात एकेक करून त्याखाली आले
आणि जे राहिलं होतं तेच उजळलं:
नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या,
रुमालसिंगच्या मनगटावरचा दोरा,
डॉक्टरांचा अंगठा तर अख्खा.
या वेळी कोणी हसलं नाही.

सुपडाबाई हात पाठीमागे धरून उभी.
पहाटे केळीचे घड उतरवून ड्यूटीला येते ती,
बोटं काळी, रेघारेघांत मुरलेलं काहीतरी.
"केयीना चीक शे बाई. निंघत नही."
तरी धरलेच तिनं हात दिव्याखाली.
काहीच उजळलं नाही.
ते हात अंधारात तसेच राहिले,
इतके, की क्षणभर वाटलं, दिवा गेला.

सगळे गेल्यावर मी दार लोटलं
आणि माझे हात ठेवले.

डावा अंगठा.

तीन नंबरचा पाळणा आठवला, मागच्या श्रावणातला.
कागदावर 'बेबी ऑफ रमीला', नाव ठेवायचं बाकी.
त्या रात्री चौदा बाळं आणि मी एकटी.
या पाळण्याकडून त्या पाळण्याकडे धावताना
नळाशी थांबले होते का?
थांबले असेन.
रजिस्टरात ताप लिहिलाय, वेळ लिहिलीय,
शेवटची वेळही.
नळाचा रकाना नसतो.

संध्याकाळी बेसिनपाशी सुपडाबाई दिसली,
कोपरापर्यंत फेस, ओठ हलताहेत.
किती आकडे मोजतेस गं?
आकडे नाही, शेळ्या मोजते म्हणे:
काबरी, बांडी, तांबडी, कानफाटी, लाडी, मुकी,
एकेकीच्या नावानं एकेक घासणं.
म्हटलं, पण तुझ्या तर दोनच उरल्यात ना?

"दोनच शेतस," नळ कोपरानं बंद करत ती म्हणाली,
"पन इकेल, मरेल, समद्या लेवा लागतस.
त्या सोडी दिध्या ते अंगठा राही जास."